दुपारची ज्वाला आणि रात्री हरवलेला फिक्स

सावद्याजवळच्या एका भावाने विचारलंय, ते आधी थोडक्यात मांडतो. केळीच्या नव्या बागेची आखणी ते आरटीके रोव्हरने करतात, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल आणि जवळच्या स्थिर रिसीव्हरची (बेसची) दुरुस्ती जोडून सेंटीमीटरपर्यंत जागा सांगणाऱ्या यंत्राने. उन्हामुळे काम सुरू होतं संध्याकाळी पाचनंतर आणि चालतं डोक्याला बॅटरी बांधून रात्रीपर्यंत. मार्चमध्ये एके दुपारी मोबाइलवर मोठ्या सौरज्वालेचा, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्याचा, इशारा आला. त्याच रात्री आठच्या सुमारास रोव्हर फिक्स (सेंटीमीटरची पक्की जागा) सोडून फ्लोटवर (कच्च्या अंदाजावर) गेला आणि तासभर परत आला नाही. त्यांचं म्हणणं असं: सूर्याच्या क्ष-किरणांचा आलेख फुकट बघायला मिळतो, मग तो बघून आदल्या दिवशी कळेल का, उद्या मजूर बोलवायचे की नाही? आणि सूर्यावर नजर ठेवणारं आदित्य एल-१ यान आपलंच असताना आपल्याला असा अंदाज कोणी का देत नाही?

भाऊ, उत्तर आधीच सांगून टाकतो. दुपारच्या त्या ज्वालेने रात्री आठला तुमचा फिक्स घालवलेला नाही. तो आरोप खोटा आहे आणि खरा चोर वेगळा आहे. पण म्हणून क्ष-किरणांचा आलेख निरुपयोगी ठरत नाही. तो काय सांगतो, काय सांगत नाही आणि किती आधी सांगतो, एवढं नीट कळलं की तुमचं काम होईल.

मी भुसावळचा. बिनतारी संदेशाच्या नोकरीत आयुष्य गेलं, हॅम रेडिओचा नाद त्याहून जुना, आणि निवृत्तीच्या थोडं आधीपासून मुलाबरोबर मोजणी-आखणीची कामं करतो. म्हणजे सूर्य बिघडला की माझं दोन्हीकडून नुकसान. त्यामुळे गोजचा आलेख मी रोज सकाळी बघतो, वर्तमानपत्राच्या आधी.

हा आलेख अमेरिकेच्या गोज उपग्रहांवरच्या संवेदकांचा. क्ष-किरण वातावरणात वरच्या वर शोषले जातात, जमिनीपर्यंत येत नाहीत, म्हणून ते मोजायचे तर उपग्रहावरूनच. त्यात दोन रेघा असतात: एक ०.१ ते ०.८ नॅनोमीटर पट्ट्याची, दुसरी त्याहून कडक, म्हणजे जास्त ऊर्जेच्या किरणांची, ०.०५ ते ०.४ नॅनोमीटरची. ए, बी, सी, एम, एक्स हे वर्ग पहिल्या रेघेच्या शिखरावरून ठरतात आणि प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एक्स १ म्हणजे चौरस मीटरला एक दहाहजारांश वॉट. जळगावच्या मे महिन्यात तेवढ्याच जागेवर हजारभर वॉट ऊन पडतं, त्यापुढे हे काहीच नाही. पण हे काहीच नसलेलं आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, अणूंचे इलेक्ट्रॉन उडवायला पुरेसं असतं.

आता कळीचा मुद्दा. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात, ८ मिनिटं २० सेकंदांत. उपग्रहाला ज्वाला दिसली त्याच क्षणी तिचे किरण आपल्या डोक्यावरच्या आयनांबरावर आदळलेले असतात. म्हणजे क्ष-किरणांमुळे जे होतं त्याचा अंदाज क्ष-किरण बघून देता येत नाही. देता येते ती फक्त बातमी. एम १ला आर १, एक्स १ला आर ३, एक्स १०ला आर ४ अशी जी रेडिओ-अडथळ्याची श्रेणी तुम्ही अ‍ॅपवर बघता ती अशीच बातमी आहे, झालेल्या गोष्टीची.

हे मला माझ्या गच्चीवर दिसतं. साडेतीन फुटांचा लाकडी चौकोन, त्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे वेढे, खाली लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि एक जुना लॅपटॉप. तमिळनाडूत विजयनारायणमला नौदलाचं केंद्र आहे, ते १८.२ किलोहर्ट्झवर पाणबुड्यांसाठी संदेश सोडतं. आमच्यापासून सुमारे १४०० किलोमीटर. संदेश काय आहे याच्याशी मला घेणं-देणं नाही, मी फक्त त्या लहरीचा जोर टिपत असतो. दिवसा ही रेघ शांत घोटीव असते. ज्वाला आली की ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर दाट होतो आणि खाली उतरतो, नि रेघ दोन-चार मिनिटांत टणकन वर जाते, मग अर्धा-पाऊण तास हळूहळू उतरते. शेजारच्या मावशींना हा चौकोन पापड वाळवायचा सांगाडा वाटायचा. एका उन्हाळ्यात त्यांनी त्यावर बिबड्यांचं ओलं फडकं टाकलं. वाऱ्याने फडकं हलायचं, चौकोन डुलायचा, आणि मी खाली दोन दिवस सूर्याला काय झालंय ते शोधत होतो.

त्याच तंत्राने एकदा उपग्रहाची लाज राखली होती, हे जाता जाता. ४ नोव्हेंबर २००३च्या ज्वालेत गोजचा संवेदक एक्स १७च्या आसपास डोळे दिपल्यासारखा अडकून बसला. शिखर किती होतं ते अंदाजाने एक्स २८ ठरवलं गेलं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी व्हीएलएफ (माझ्या गच्चीवरच्यासारख्या अतिकमी वारंवारतेच्या) लहरींवरून हिशोब मांडला तो एक्स ४५च्या घरात गेला. आकडे किती ताणून धरायचे याचा यावरून बोध घ्या. शिवाय जुन्या गोज उपग्रहांच्या आकड्यांना लावलेला एक गुणक नंतर काढून टाकला, त्यामुळे ६ सप्टेंबर २०१७ची एक्स ९.३ ज्वाला नव्या नोंदींत एक्स १३.३ दिसते. जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून भांडू नका.

डी थर दाट झाला की शॉर्टवेव्ह तिथेच जिरते. माझं १४ मेगाहर्ट्झवरचं बोलणं मध्येच तुटतं, समोरचा माणूस विहिरीत पडल्यासारखा नाहीसा होतो. पण हे सगळं कुठे? जिथे त्या वेळी ऊन आहे तिथेच. रात्रीच्या बाजूला क्ष-किरण पोचतच नाहीत, मध्ये अख्खी पृथ्वी असते. म्हणून इशारा आला की पहिलं काम: वेळ भारतीय करायची, साडेपाच तास मिळवायचे. १४ मे २०२४ची एक्स ८.७ ज्वाला बघा. बातम्यांत धुमाकूळ, पण आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १० वाजून २१ मिनिटं झाले होते. गच्चीवरची रेघ हललीसुद्धा नाही. त्याच्या तीन दिवस आधीची एक्स ५.८ मात्र सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी, सूर्य उगवून तास होत आला असताना. ३ ऑक्टोबर २०२४ची एक्स ९ संध्याकाळी ५.४८ला, मावळायच्या अर्धा तास आधी, म्हणजे आपल्यापेक्षा पश्चिमेकडच्यांना तिचा खरा तडाखा.

तुमचा रोव्हर रात्री आठला गेला. दुपारच्या ज्वालेने डी थरात जी भर घातली होती ती चहा व्हायच्या आत विरून गेली होती. म्हणजे आरोपी त्या वेळी गावातच नव्हता.

बरं, दुपारी काम चालू असतं तरी काय झालं असतं? जीएनएसएसची (जीपीएससारख्या जागा सांगणाऱ्या उपग्रहांची) लहर शॉर्टवेव्हसारखी जिरत नाही, तिला उशीर होतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं एक माप आहे, टेक. त्याच्या एका एककाने उपग्रहाच्या मुख्य एल-१ लहरीच्या (आदित्यचा एल-१ वेगळा) मापात १६ सेंटीमीटरची चूक येते. मोठ्या ज्वालेत अशी काही एककं मिनिटा-दोन मिनिटांत वाढतात. एकट्या हँडसेटला ते बाधेल. पण तुमचा बेस १०-१२ किलोमीटरवर असेल तर बेस आणि रोव्हर दोघांच्या डोक्यावर सारखीच वाढ होते आणि वजाबाकीत ती उडून जाते. एक अपवाद सांगून ठेवतो. कधीकधी ज्वालेबरोबर सूर्य नेमक्या जीएनएसएसच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट करतो. ६ डिसेंबर २००६ला असं झालं आणि उजेडाच्या बाजूचे चांगले चांगले रिसीव्हर उपग्रह सोडून बसले. त्या गोंगाटाचा आणि क्ष-किरणांच्या वर्गाचा पक्का हिशोब नाही.

आता क्ष-किरण बघून पुढचं काय सांगता येतं, ते. ज्वालेबरोबर आणखी दोन गोष्टी निघू शकतात आणि त्या प्रकाशापेक्षा सावकाश येतात. एक, वेगवान प्रोटॉन: दहा-वीस मिनिटांपासून काही तासांत. दुसरी, सीएमई, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून उडालेला चुंबकीय वायूचा ढग: साधारण एक ते तीन दिवसांत, फारच जोरदार असला तर १७-१८ तासांत. भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, होते ती या ढगामुळे. ज्वालेमुळे नाही. आपल्या रावेर-यावलकडे जूनमध्ये सातपुड्यावर वीज चमकते तसं हे आहे. वीज दिसली म्हणजे तिकडे ढग आहे हे खरं. पाऊस आपल्या शिवारात येईल, पालला पडून जाईल की पडणारच नाही, हे नुसत्या चमकेवरून कळत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, दोनदा तोंडावर आपटून सांगतोय.

पहिली वेळ २०१४च्या दिवाळीची. सूर्यावर १२१९२ क्रमांकाचा डाग आला होता, जवळजवळ गुरू ग्रहाएवढा, २४ वर्षांतला सर्वांत मोठा. ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी त्यातून एक्स १.६ झाली, पाडव्यानंतरच्या पहाटे एक्स ३.१. डाग सूर्याच्या मधोमध, म्हणजे आपल्याकडे तोंड करून. मी सगळ्या हॅम मित्रांना सांगून ठेवलं की दोन दिवसांत मोठं वादळ येणार, आणि मुलाला एक आखणीचं काम पुढे ढकलायला लावलं. काय झालं? काही नाही. त्या डागाने सहा एक्स ज्वाला दिल्या आणि एकीबरोबरही ढग धड बाहेर पडला नाही. डागावरची चुंबकीय कमान इतकी मजबूत होती की खालचा स्फोट आतच कोंडला गेला. मुलगा अजून ते काम काढून दाखवतो.

दुसरी वेळ त्यानंतर पाच महिन्यांनी. पोळल्यामुळे मी आता एक्सच्या खालचं काही बघायचंच नाही असं ठरवलं होतं. १५ मार्च २०१५, सकाळी साडेसात-पावणेआठ. सी ९.१. एमसुद्धा नाही! मी चहा पीत आलेख बघितला आणि लॅपटॉप मिटला. १७ तारखेला सकाळी सव्वादहाला तो ढग पृथ्वीवर आदळला आणि त्या सौरचक्रातलं (सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउतारातलं) सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ झालं. त्या संध्याकाळी बोदवडकडे आमचा रोव्हर दिवस मावळल्यावर असा काही भरकटला की खुंट्या दुसऱ्या दिवशी उपटून पुन्हा ठोकाव्या लागल्या.

सहा एक्सनी काही केलं नाही आणि एका सीने वाट लावली. वर्ग बघून अंदाज करणाऱ्याची ही गत होते.

मग बघायचं काय? मी शिखराची उंची शेवटी बघतो. आधी बघतो टेकडीचा आकार. सुईसारखी चढली आणि वीस मिनिटांत उतरली, तर बहुतेकदा आतल्या आत मिटलेलं प्रकरण. चढून मग तासन् तास पसरट उतरत राहिली, तर सूर्यावर चुंबकीय रेषा उघडल्या आणि खाली पुन्हा जुळत बसल्यात, म्हणजे वर काहीतरी सुटून गेल्याची शक्यता मोठी. ती सी ९.१ अशीच लांबट होती. मी आकार बघितला असता तर खुंट्या वाचल्या असत्या.

मग जागा. डाग सूर्यबिंबाच्या मध्याजवळ असेल तर ढग आपल्या वाटेवर. प्रोटॉनांची गोष्ट उलटी आहे. सूर्य फिरतो म्हणून त्याच्या चुंबकीय रेषा मळसूत्रासारख्या वाकतात, आणि पृथ्वीला येऊन भिडणारी रेघ सूर्याच्या पश्चिम भागातून निघते. पश्चिमेकडची ज्वाला प्रोटॉन पाठवते ते थेट दारात. प्रोटॉनांचे अंदाज बांधताना ज्वालेचं शिखर आणि जागा यांच्या जोडीला तिच्या क्ष-किरणांची बेरीज, म्हणजे आलेखाखालचं सगळं क्षेत्रफळ, धरतात. त्यात अर्थ आहे: पाऊस किती जोरात आला यापेक्षा एकूण किती पडला ते विचारण्यासारखं.

आणि शेवटी साक्षीदार. ढग खरोखर निघाला का, हे सूर्यबिंब झाकून भोवतालचं बघणाऱ्या कोरोनाग्राफमध्ये दिसतं. त्याशिवाय मी आता कोणालाही वादळाचं सांगत नाही.

मे २०२४मध्ये हे सगळं जुळून आलं होतं. १३६६४ क्रमांकाचा डाग, ८ तारखेपासून एकामागून एक एक्स ज्वाला, आणि कोरोनाग्राफमध्ये आपल्या दिशेने निघालेले ढग, मागचा पुढच्याला गाठणारा. अमेरिकेच्या अंदाज केंद्राने ९ मेला जी ४ची (भूचुंबकीय वादळाच्या पाच पायऱ्यांतल्या चौथीची) सूचना काढली, २००५नंतर पहिल्यांदा. १० तारखेला दुपारी १२.२४ला, आपल्या डोक्यावर सूर्य असताना, एक्स ३.९ झाली, पण रात्रीचं वादळ तिचं नव्हतं, दोन दिवस आधी निघालेल्या ढगांचं होतं. धक्का पोचला रात्री १०.३५ला. प्रत्यक्षात जी ५ झालं, ऑक्टोबर २००३नंतर पहिलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल झाक दिसली, आणि तिकडे अमेरिकेत मक्याची पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरांचे आरटीके भरकटले. तुमचं दुखणं त्यांना बरोबर कळलं असतं.

क्ष-किरणांतून खऱ्या अर्थाने दिवस-दोन दिवस आधीचा अंदाज हवा असेल तर नुसती रेघ पुरत नाही, चित्र लागतं. १९७३च्या स्कायलॅबवरच्या क्ष-किरण दुर्बिणींनी प्रभामंडलातली काळी भगदाडं नीट दाखवली आणि तिथून वेगवान सौरवारा सुटतो हे पक्कं झालं. असं भगदाड बिंबाच्या मध्यावरून गेलं की दोन-चार दिवसांत वारा इथे लागतो, आणि सूर्य २७ दिवसांत फिरून आला की पुन्हा. १९९१ला सुटलेल्या जपानच्या योहको उपग्रहाच्या क्ष-किरण चित्रांत आणखी एक खूण सापडली: ज्या डागावरच्या चमकत्या रेषांना इंग्रजी एससारखा पीळ असतो, तो डाग उडण्याचा संभव जास्त. पिळलेला सुंभ, दुसरं काय. आणि पूर्व कडेवर डाग दिसायच्या आधीच त्याच्या उंच चमकत्या कमानी डोकावतात, तेव्हाच मी कॅलेंडरवर खूण करतो की आठवडाभराने हा पाहुणा समोर येणार.

काही मिनिटांचा अंदाजही होतो. आलेखातल्या दोन रेघांच्या गुणोत्तरावरून तिथल्या वायूचं तापमान निघतं. ज्वाला भडकण्याआधी, रेघ अजून जेमतेम हललेली असताना, हे तापमान एक कोटी अंशांच्या वर गेलेलं असतं, असं बऱ्याच ज्वालांत दिसलंय. तुम्हाला मला या मिनिटांचा उपयोग नाही. पण १७ एप्रिल २०२४ला अलास्कात दोन रॉकेट तळावर तयार ठेवून, चालू क्ष-किरणांवर डोळा लावून, ज्वाला चालू असतानाच सोडली गेली. त्यांना ती मिनिटं सोन्यासारखी.

आता आदित्य. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेला एल-१ हा बिंदू आहे, तिथे हे यान ६ जानेवारी २०२४ला पोचलं. त्यावर क्ष-किरणांची दोन उपकरणं आहेत, मृदू किरणांसाठी सोलेक्स आणि कडक किरणांसाठी हेलिओस, दोन्ही बंगळुरूची. कडक किरण ज्वालेच्या पहिल्या तडाख्यात येतात, मृदू किरण त्यानंतर साठत जातात, त्यामुळे दोन्ही एकत्र बघितली तर स्फोट कसा झाला ते उलगडतं. पण हिशोब करा: १५ लाख किलोमीटर प्रकाशाला ५ सेकंद. आदित्यला ज्वाला आपल्यापेक्षा ५ सेकंद आधी दिसते, बस्स. त्याचा खरा फायदा वाऱ्यासाठी. सेकंदाला ५०० किलोमीटरने येणाऱ्या ढगाला तेवढंच अंतर कापायला ५० मिनिटं लागतात. आणि त्या ढगातल्या चुंबकीय क्षेत्राचं तोंड उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे आदित्यवरच्या चुंबकमापकासारख्या उपकरणाने, ढग अंगावरून जाताना कळतं. दक्षिणेला असेल तर पृथ्वीचं दार उघडतं, उत्तरेला असेल तर बहुतेक धक्का बाहेरच्या बाहेर जातो. वादळाचं सगळं गणित या एका दिशेवर, आणि क्ष-किरणांत ती दिशा दिसत नाही. म्हणून दोन दिवस आधीचा कोणताही अंदाज "येईल, पण किती ते बघू" असाच असतो.

आपल्याकडे अंदाज कोणी देत नाही असं मात्र नाही. कोलकात्याच्या आयसरमधलं सेसी हे केंद्र देतं. पण एक अडचण समजून घ्या: एल-१ सूर्याच्याच दिशेला आहे, म्हणजे सूर्य मावळला की भारतातल्या अँटेनाला ते यानही मावळलं. चोवीस तास पहारा ठेवायचा तर जगभर अँटेना लागतात.

पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचाच क्ष-किरणांत फोटो काढायचीही खटपट चालू आहे. सौरवाऱ्यातले आयन आपल्या भोवतालच्या विरळ हायड्रोजनला भिडले की मंद क्ष-किरण निघतात. २०२५च्या मार्चमध्ये चंद्रावर उतरलेल्या यानावरचं लेक्सी हे उपकरण याचसाठी होतं, आणि युरोप-चीनची स्माइल मोहीम त्याचसाठी आखलेली. ते जमलं तर कवच कुठे दबलंय हे एका बिंदूवर मोजण्याऐवजी एका नजरेत दिसेल. आपल्या आखणीला त्याचा फायदा व्हायला वेळ आहे.

आणि आता तुमचा खरा चोर. खान्देश आहे २१ अंश उत्तरेला. दिवसा विषुववृत्तावरचं आयनांबर कारंज्यासारखं वर उचललं जातं आणि दोन्ही बाजूंना ओसरतं. उत्तरेकडचा त्याचा ढीग साधारण आपल्याच पट्ट्यात येऊन साठतो. म्हणजे भारतातल्या सर्वांत दाट आयनांबराखाली आपण राहतो. सूर्य मावळला की विषुववृत्तावर खालून विरळ बुडबुडे उठतात आणि चुंबकीय रेषांबरोबर आपल्यापर्यंत पसरतात. दाट थरात विरळ बुडबुडे म्हणजे उकळत्या पाकातून पलीकडचा दिवा बघण्यासारखं. उपग्रहाची लहर लुकलुकायला लागते. याला सिंटिलेशन म्हणतात. रिसीव्हरची पकड सुटते, लहरींची मोजणी मध्येच चुकते (सायकल स्लिप), फिक्स जातो. बेस जवळ असला तरी उपयोग नाही, कारण बुडबुड्याचे बारकावे काहीशे मीटरचे असतात, बेसच्या डोक्यावर एक आणि रोव्हरच्या डोक्यावर दुसरं. वजाबाकीत उडत नाही.

वेळ? साधारण साडेसातपासून मध्यरात्रीपर्यंत. महिने? मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. वर्षं? सौरचक्राच्या भराची. तुमचं काम मार्चमध्ये, रात्री आठला, भर सौरचक्रात. त्या दिवशी ज्वाला झाली नसती तरी फिक्स गेला असता. आदल्या किंवा पुढच्या दोन-तीन रात्री पुन्हा तपासा, तिथेही अडथळे दिसतील. आणि गंमत अशी की वादळ या बुडबुड्यांना कधी भडकवतं, कधी दाबून टाकतं. वादळाचा जोर आपल्या सूर्यास्ताच्या वेळी आला तर भडकतात, जसं १७ मार्च २०१५ला झालं. दुसऱ्या वेळी आला तर रात्र अगदी निवांत जाते. त्यामुळे सूर्याचा अंदाज पक्का मिळाला तरी तुमच्या संध्याकाळचा मिळाला असं होत नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये सेंटीमीटरची आखणी सकाळी सहा ते दहा. त्या वेळी ऊनही सोसतं. संध्याकाळी घ्यायचीच तर सव्वासातला गुंडाळतो, आणि त्यानंतर फक्त ठिबकच्या नळ्या अंथरण्यासारखी, वीत इकडे-तिकडे चालणारी कामं. रोव्हरला सगळ्या उपग्रहमालिका आणि एल-५ ही जादा लहर चालू ठेवतो. सुरू करताना, मध्ये आणि शेवटी एकाच पक्क्या खुणेवर दांडा टेकवून आकडा जुळतो का बघतो, कारण खोटा फिक्स हा फ्लोटपेक्षा वाईट. क्ष-किरणांचा आलेख सकाळी एकदा: लांबट टेकडी, मध्यावरचा डाग आणि कोरोनाग्राफचा दुजोरा तिन्ही असतील तरच पुढचे दोन-तीन दिवस मोठं काम धरत नाही. मोबाइल बंद पडणार, फ्रिजची पिन काढा वगैरे जे फिरतं ते सोडून द्या भो, त्याला उत्तर द्यायलाही वेळ घालवू नका.

आणि एक खबरदारी, नाहीतर माझ्यासारखं हसं व्हायचं. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास गोज उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातात, जास्तीत जास्त सत्तरेक मिनिटं, आणि ते नेमकं आपल्या सकाळ-दुपारी. आलेख एकदम तळाला जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नाशिकच्या मित्राला फोन करून सूर्य गेला म्हणून सांगितलं होतं.

तुमच्या त्या रात्रीची रोव्हरची कच्ची लॉग फाइल असेल तर जपून ठेवा, आणि सात ते दहामधला भाग उघडून प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल-जोर वेळेनुसार काढा. बुडबुडे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेचे उपग्रह आधी थरथरलेले असतील आणि उत्तरेचे बऱ्यापैकी टिकलेले, असा माझा कयास आहे. सगळे एकदम, एकाच मिनिटाला गेले असतील तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी रोव्हरच्या अँटेनाची केबल तपासा.